शंभर एकर येणं, शंभर एकर देणं

हे प्रकरण का निवडलं

प्रकरण अभ्यास लिहिताना माणसाचं नाव झाकायची रीत आहे. इथे ती मी जाणूनबुजून मोडली आहे. जोसेफ प्लम्ब मार्टिन या शिपायाने १८३० मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या आपल्या आठवणी छापून घेतल्या, तेव्हा पुस्तकावर स्वतःचं नाव घातलं नव्हतं. ते पुस्तक फारसं खपलं नाही, विस्मरणात गेलं आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनी पुन्हा वाचकांच्या हाती आलं. ज्याचं नाव इतका काळ पुसलेलंच होतं, ते आपणही झाकावं असं मला वाटत नाही. मुलांची नावं तेवढी गाळली आहेत.

लढाई संपल्यावर काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती प्रतिनिधिसभेकडून, मार्टिनचं शंभर एकर जमिनीचं येणं होतं. पुढे तो अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेनमध्ये जी जमीन कसत होता, तीही शंभर एकरच होती, आणि तिच्यासाठी त्याच्या डोक्यावर १७० डॉलरचं देणं आलं. येणं बुडालं. देण्यापायी जमीन गेली. हे कसं घडलं, कुठल्या वळणावर कोणाला काय करता आलं असतं, ते इथे मांडतो आहे.

पार्श्वभूमी: लढाईची वर्षं

मार्टिनचा जन्म २१ नोव्हेंबर १७६० चा, मॅसॅच्युसेट्समधल्या बेकेटचा. वडील पाद्री. सातव्या वर्षी त्याला कनेटिकटमधल्या मिलफोर्डला आजोळी ठेवलं आणि तो तिथेच वाढला. जून १७७६ मध्ये, वय पंधरा असताना, तो सहा महिन्यांच्या बोलीवर फौजेत गेला. त्या वर्षी न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिन, किप्स बे आणि व्हाइट प्लेन्स अशा तिन्ही ठिकाणी माघारच त्याच्या वाट्याला आली. नाताळच्या दिवशी मुदत संपून तो घरी परतला.

पहिला निर्णय इथला. एप्रिल १७७७ मध्ये तो पुन्हा भरती झाला आणि या वेळी लढाई संपेपर्यंतच्या बोलीवर. गावागावात माणसांचे गट पाडून प्रत्येक गटाने एक शिपाई द्यावा अशी व्यवस्था होती. अशाच एका गटाने पैसे देऊन मार्टिनला आपल्या वतीने उभं केलं. मुलगा सोळा वर्षांचा होता. जायचंच आहे तर चार पैसे पदरात पडोत, एवढाच त्याचा हिशेब होता. लढाई किती वर्षं चालेल हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हतं, आणि त्या सहीने त्याने पुढची सहा वर्षं देऊन टाकली.

साध्या शिपायाचा पगार महिना सहा डॉलर आणि दोन-तृतीयांश. तो कागदी चलनात, आणि त्या चलनाचा भाव इतका घसरला की पगार मिळाला काय न मिळाला काय, फरक पडेनासा झाला. ऑगस्ट १७७७ नंतर मार्टिनला खरा म्हणावा असा पगार एकदाच मिळाला: १७८१ मध्ये यॉर्कटाऊनकडे कूच करताना एक महिन्याची रोकड. तीही फ्रेंचांकडून उसनी घेतलेली. उपासमारीची गोष्ट वेगळीच. १७७९-८० चा हिवाळा मॉरिसटाऊनच्या छावणीत काढला. बर्फाने वाटा बंद, रसद नाही. चार दिवस त्याने बर्च झाडाची साल चघळून काढले. सोबतचे काही शिपाई जुने जोडे भाजून खात होते. पुढच्या मे महिन्यात कनेटिकटच्या दोन पलटणी हत्यारं घेऊन, अन्न द्या म्हणत मैदानात उभ्या राहिल्या. त्यात मार्टिनची पलटणही होती. हे बंड म्हणायचं की भूक, हे वाचणाऱ्याने ठरवावं. मी तरी भूकच म्हणेन.

त्याच वर्षी त्याची निवड सॅपर्स अँड माइनर्समध्ये झाली, म्हणजे खंदक-सुरुंग खणणाऱ्या तुकडीत, जिला आपल्याकडे सफरमैना म्हणत. तिथे तो सार्जंट झाला. १७८१ च्या यॉर्कटाऊनच्या वेढ्यात याच लोकांनी खंदकांच्या रेघा आखल्या, आणि १४ ऑक्टोबरच्या रात्री दहा नंबरच्या बुरुजावर हल्ला झाला तेव्हा पुढे धावून कुंपणाचे सुळे तोडून वाट करून देण्याचं कामही त्यांचंच होतं. वेढ्याच्या आरंभी, रात्रीच्या अंधारात, जनरल वॉशिंग्टनने स्वतः कुदळीचे चार घाव घातले ते मार्टिनच्या डोळ्यांदेखत. तोफखान्याचा प्रमुख होता हेन्री नॉक्स. हे नाव लक्षात ठेवावं लागेल. एकाने खंदक खणले, दुसऱ्याने त्यात तोफा बसवल्या, आणि दोघांची पुढची गाठ जमिनीवरून पडायची होती.

(यॉर्कटाऊनला ज्याची फौज शरण आली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्याला उतरला. टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या जोडीला होत्या, आणि १७९३ मध्ये त्यानेच बंगालच्या जमीनदारांना कायमची मालकी लिहून दिली. कसणारा एक आणि कागदावरचा मालक दुसरा, हा पेच त्या दशकात जगाच्या दोन टोकांना एकदमच घट्ट होत होता.)

फौज मोडली तेव्हा हातात काय होतं

जून १७८३ मध्ये शिपायांना घरी सोडलं. हातात पगाराऐवजी सरकारी देण्याची प्रमाणपत्रं. अधिकाऱ्यांनी आपलं गाऱ्हाणं काँग्रेसपुढे जोरात मांडलं होतं, त्यांना मार्चमध्येच पाच वर्षांच्या पूर्ण पगाराइतकं देणं कबूल झालं. साध्या शिपायाच्या वतीने असं भांडणारं कोणी नव्हतं.

शिवाय जमीन. १६ सप्टेंबर १७७६ च्या ठरावाने काँग्रेसने शेवटपर्यंत राहणाऱ्या शिपायाला शंभर एकर, कॅप्टनला तीनशे, कर्नलला पाचशे असं वचन दिलं होतं. वचन देताना काँग्रेसकडे स्वतःची एक एकरही जमीन नव्हती. ती पुढे राज्यांनी सोडलेल्या पश्चिमेकडच्या मुलखातून, म्हणजे ओहायोतून यायची होती. तिथे राहणाऱ्या मूळ लोकांना हे वचन कोणी विचारून दिलेलं नव्हतं, हेही इथेच सांगायला हवं.

शिपायांसाठी ओहायोत राखीव मुलूख ठरला १७९६ मध्ये, लढाई संपून तेरा वर्षांनी. त्या कायद्यात एक अट होती, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वात जास्त लागलेली गोष्ट तीच. जमीन चार हजार एकरांच्या तुकड्यानेच घ्यायची. शंभर एकरांचा हक्क असलेल्या माणसाने आणखी एकोणचाळीस जण गोळा करावेत, नाहीतर आपला कागद दलालाला विकावा. शंभर एकरांचे सुटे तुकडे देण्याची सोय १८०० मध्ये झाली. तोवर बहुतेकांचे कागद दलालांच्या पेट्यांत गेले होते. मार्टिनने आठवणींत हेच गाऱ्हाणं मांडलं आहे: जमीन राखून ठेवली, पण शिपायाच्या पदरात ती पडते की नाही हे बघायला कोणालाही नेमलं नाही, आणि दलाल मात्र गावोगाव फिरत होते.

प्रमाणपत्रांचंही तसंच. अंगावर धड कपडा नसलेल्या माणसाला कागद सांभाळून बसणं परवडत नाही. मार्टिननेही काही विकून कपडे घेतले. बाजारात ती दर्शनी किमतीच्या आठव्या हिश्शाच्या आसपास जात होती. १७९० मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टनच्या योजनेने त्यांचे पूर्ण पैसे द्यायचं ठरलं, पण ज्याच्या हातात कागद असेल त्याला. मूळ शिपायालाही काही वाटा द्यावा म्हणून काँग्रेसचा सभासद मॅडिसन याने सूचना मांडली. ती ३६ विरुद्ध १३ मतांनी पडली.

१७८४: कुठे जायचं

चोवीस वर्षांचा होऊ घातलेला, घर नसलेला, खंदक खणण्यात तरबेज माणूस. पुढे रस्ते होते तरी किती? मिलफोर्डला परत जाता आलं असतं, पण जुन्या कनेटिकटमध्ये जमिनी केव्हाच वाटल्या गेल्या होत्या, गरीब तरुणाला तिथे शेतमजुरीच. हिवाळाभर त्याने न्यूयॉर्कच्या डोंगराळ भागात डच वस्तीत मास्तरकी केली, तीही पुढे चालवता आली असती. ओहायोची वाट बघता आली असती, पण किती वर्षं? १७८६ मध्ये जुन्या अधिकाऱ्यांनी ओहायो कंपनी काढली तिचा एक हिस्सा हजार डॉलरच्या प्रमाणपत्रांचा होता. ज्यांना कागद धरून बसता आले त्यांच्यासाठी ती वाट होती.

मार्टिनने मेन निवडलं. मेन तेव्हा मॅसॅच्युसेट्सचाच भाग होतं. पेनॉब्स्कॉट नदी समुद्राला मिळते तिथे, पुढे ज्याला प्रॉस्पेक्ट हे नाव मिळालं त्या गावठाणात, त्याने शंभर एकर धरले. धरले म्हणजे जाऊन राहिला, झाडं तोडली, दगड वेचले, घर उभं केलं. असे हजारो लोक त्या काळात तिकडे गेले. मालक इंग्लंडला पळालेले राजनिष्ठ लोक, त्यांची जमीन आता लढणाऱ्या जनतेची, असा त्यांचा सरळ विश्वास होता. आज तो भाबडा वाटेल, पण तेव्हा दस्तऐवज खरोखरच अधांतरी होते.

ही जमीन रिकामी होती असं मात्र समजू नये. नदीचं नावच तिथल्या पेनॉब्स्कॉट लोकांचं आहे. त्यांना दाबात ठेवायला इंग्रजांनी १७५९ मध्ये नदीच्या मुखाशी फोर्ट पॉवनॉल बांधला. १७९६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने तह करून नदीच्या दोन्ही काठांचा फार मोठा पट्टा त्यांच्याकडून काढून घेतला. मार्टिन आणि नॉक्स ज्या मालकीवरून भांडत होते, तिच्या मुळाशी हे आधीचं बेदखल करणं होतं, आणि त्या दोघांच्या वादात हा तिसरा पक्ष कुणी धरलाच नाही.

अडचण उभी राहते

मार्टिन बसला होता त्या मुलखाची १६३० ची एक जुनी सनद होती, इंग्लंडमध्ये बसून दिलेली. ती पुढे सॅम्युअल वॉल्डो या बोस्टनच्या व्यापाऱ्याकडे आली आणि त्या मुलखाला वॉल्डो पट्टा हे नाव पडलं. वॉल्डोची नात ल्यूसी फ्लकर. तिचे वडील राजाचे मॅसॅच्युसेट्समधले सचिव. तिने घरच्यांच्या मनाविरुद्ध १७७४ मध्ये एका पुस्तकविक्याशी लग्न केलं, तो हेन्री नॉक्स. लढाईत नॉक्सने नाव काढलं. टायकाँडेरोगाच्या किल्ल्यावरून भर हिवाळ्यात साठेक तोफा बर्फावरून ओढत बोस्टनला आणणारा हाच. पुढे तो वॉशिंग्टनचा युद्धमंत्री झाला. १७८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने वॉल्डो सनद मान्य केली, आणि ल्यूसीच्या वारशाच्या जोरावर व इतर हिस्से मिळवून नॉक्स सुमारे सहा लाख एकरांचा धनी झाला. १७९५ मध्ये तो सहकुटुंब थॉमस्टनला राहायला आला, मोठा वाडा बांधला.

मार्टिनने १७९४ मध्ये लग्न केलं. बायको त्याच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान, तिचंही नाव ल्यूसीच. एका ल्यूसीसोबत सहा लाख एकरांची सनद आली, दुसरी शंभर एकरांच्या खडकाळ जमिनीवर संसार मांडायला आली. त्याच सुमाराला नॉक्सची मागणी आली: ही जमीन माझी, किंमत द्या नाहीतर सोडा.

तारखा एकापुढे एक ठेवून पाहिल्या की पेच दिसतो. मार्टिन जमिनीवर आला १७८४ ला, सनद मान्य झाली १७८५ ला. त्या एका वर्षाने त्याला काहीही दिलं नाही, कारण सनद मान्य करताना ती जुन्या तारखेपासूनच खरी धरली गेली. दहा-बारा वर्षांची मेहनत त्या जमिनीत मुरली होती, आणि तिचा भाव ठरवताना त्या मेहनतीमुळे वाढलेली किंमतही त्यानेच भरायची होती.

१७९७ मध्ये निकाल नॉक्सच्या बाजूने गेला. शंभर एकरांचे १७० डॉलर, सहा वर्षांत हप्त्यांनी. एकराला एक डॉलर सत्तर सेंट. सरकारी जमिनीचा त्या वेळचा दर एकराला दोन डॉलर होता. म्हणून आकडा पाहून कोणी म्हणेल, रास्तच आहे की. पण १७० डॉलर म्हणजे शिपायाचा पंचवीस महिन्यांहून अधिक पगार, जो त्याला मिळालाच नव्हता. मेनच्या त्या किनाऱ्यावर रोकड दिसायची कमी. लोक लाकूड, गवत, बटाटे, मजुरी यांची देवाणघेवाण करून जगत.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग हप्ते भरण्याचा. त्यासाठी वर्षाला अठ्ठावीस-तीस डॉलर रोख उभे करायचे. लहान शेतावर, वाढत्या संसारात ते कठीण होतं.

दुसरा मार्ग झगड्याचा. मेनच्या अंतर्भागातले कब्जेदार स्वतःला स्वातंत्र्याचे लोक म्हणवत, मूळ रहिवाशांसारखा वेष करून मोजणीदारांना अडवत, साखळ्या आणि नकाशे हिसकावत, कधी गोळ्याही झाडत. त्यांचं म्हणणं पक्कं होतं: क्रांती झाली ती याचसाठी, की घाम गाळणाऱ्याला जमीन मिळावी. पण किनाऱ्यालगतच्या जुन्या गावात, गावकीच्या पदांवर असलेल्या माणसाला वेष बदलून रानात शिरणं सोपं नव्हतं. मार्टिन गावपंच होता, शांतता न्यायाधीशाचं कामही त्याने केलं, आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तो गावचा कारकून होता. जन्म-मृत्यू, लग्नं, सभांचे ठराव त्याच्या हाताने लिहिले जात.

तिसरा मार्ग उठून पुढे जायचा. पुष्कळ जण गेले. पण बारा वर्षांची लागवड टाकून, चाळिशीजवळ, पुन्हा जंगलापासून सुरुवात?

चौथा मार्ग विनंतीचा. जुना सेनापती आहे, एका वेढ्यात होतो, ऐकेल. मार्टिनने हाच धरला.

मला इथे त्याला दोष द्यावासा वाटत नाही. सात वर्षं ज्या फौजेत काढली तिच्या वरिष्ठावर विश्वास टाकणं हा त्याच्या स्वभावाचा भाग होता. मॉरिसटाऊनच्या भुकेतही ते लोक फौज सोडून गेले नव्हते. पण ज्या माणसाला आपण विनवतो आहोत तो स्वतः कशात अडकला आहे, हे मार्टिनला दिसलं नसावं. नॉक्सने चुनाभट्ट्या, लाकडाचा धंदा, विटा, जहाजबांधणी असं सगळं एकदम अंगावर घेतलं होतं आणि ते कर्जावर चालत होतं. त्याच्या डोक्याशीही सावकार बसलेले होते. कब्जेदारांकडून येणारी रोकड हाच त्याचा एक भरवसा. दया दाखवायची तर कोणाकोणाला?

काय घडलं

हप्ते भरून झाले नाहीत. १८०१ मध्ये मार्टिनने नॉक्सला पत्र लिहून जमीन राहू द्यावी म्हणून गयावया केली.

१८०६ मध्ये नॉक्स गेला. कोंबडीचं हाड गिळल्याने दुखणं झालं आणि त्यातच मरण आलं. मागे राहिली ती लाखो डॉलरची कर्जं. त्याची मालमत्ता धनकोंनी वाटून घेतली. कब्जेदारांची देणी मात्र मेली नाहीत, ती नव्या हातांत गेली. १८११ पर्यंत मार्टिनची जमीन निम्मी उरली होती. १८१८ पर्यंत काहीच उरली नव्हती.

मधल्या काळात एक कायदा आला होता. १८०८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने, मेनमध्येच जन्मलेल्या गव्हर्नर जेम्स सुलिव्हनच्या कारकिर्दीत, असं ठरवलं की सहा वर्षांहून जास्त जमिनीवर असलेल्या माणसाला उठवायचं तर त्याने केलेल्या सुधारणांची किंमत त्याला दिली पाहिजे. म्हणजे तोडलेलं जंगल, बांधलेलं घर, घातलेलं कुंपण यांना पहिल्यांदा कायद्यात मोल मिळालं. मार्टिनचा निकाल लागून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

१८ मार्च १८१८ ला काँग्रेसने पहिल्यांदा, हलाखीत असलेल्या जुन्या शिपायांसाठी पेन्शन मंजूर केलं: महिना आठ डॉलर, वर्षाचे शहाण्णव. मुख्य अट, गरिबी सिद्ध करा. लोक इतक्या संख्येने पुढे आले की सरकार बिचकलं आणि १८२० मध्ये प्रत्येकाकडून घरातल्या चीजवस्तूंची यादी शपथेवर मागितली. हजारो नावं तेव्हा कापली गेली. मार्टिनच्या कागदांत लिहिलं आहे ते असं: अंथरूण-पांघरूण आणि अंगावरचे कपडे सोडले तर दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर. जमीन नाही, उत्पन्न नाही. धंदा मजुरी, पण वयामुळे आणि दुखण्यांमुळे होत नाही. बायको आजारी, संधिवाताने जखडलेली. मुलं पाच, एकाला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व.

गावाच्या दप्तरात इतरांचे हक्क नोंदवणाऱ्या माणसाने स्वतःची ही यादी कोर्टात दिली, हे वाचताना मला थांबावं लागलं.

पेन्शन मंजूर झालं आणि मरेपर्यंत चालू राहिलं. आता हिशेब करून पाहावा. शहाण्णव दुणे एकशे ब्याण्णव. दोन वर्षांच्या पेन्शनमध्ये १७० डॉलरची पूर्ण जमीन सुटून वर बावीस डॉलर उरले असते. तेच पेन्शन वीस वर्षं आधी, १७९७ च्या आसपास सुरू झालं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं.

१८३० मध्ये त्याने आठवणींचं पुस्तक काढलं. वय सत्तरीकडे झुकलेलं. तोवर पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांवर, हे फुकटचं खातात म्हणून टीका होत होती, आणि अजून कितीतरी जण पेन्शनबाहेर होते. त्यांच्या बाजूने बोलायचं म्हणून त्याने सेनापतींच्या कथा सोडून शिपायाचं पोट, शिपायाचे पाय, शिपायाची झोप यांबद्दल लिहिलं. दोन वर्षांनी काँग्रेसने गरिबीची अट नसलेलं सर्वसाधारण पेन्शन मंजूर केलं. त्या पुस्तकाने ते झालं असं म्हणता येणार नाही. पण १८३० ला ते लिहून झालेलं होतं.

१८३६ मध्ये प्रॉस्पेक्टमधून फौजेची एक तुकडी चालली होती. इथे क्रांतीतला जुना शिपाई राहतो असं कळल्यावर ते त्याच्या घरापुढे थांबले आणि बंदुकांची सलामी दिली. २ मे १८५० ला, एकोणनव्वदाव्या वर्षी, तो गेला. सँडी पॉइंटच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर 'क्रांतीचा शिपाई' या अर्थाचे शब्द आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

काँग्रेसपासून सुरुवात करू, कारण मूळ चूक तिची. वचन शंभर एकरांचं आणि वाटप चार हजार एकरांचं, हा विसंवाद कायदा लिहितानाच दिसायला हवा होता. मोठे तुकडे मोजायला स्वस्त पडतात, हे खरं. मोजणीचा तो वाचलेला खर्च शिपायांच्या हिश्शातून गेला. शिवाय मेन, व्हर्मांट किंवा न्यूयॉर्कच्या उत्तरेला आधीच जाऊन बसलेल्या माणसाला ओहायोतला कागद काय कामाचा? जिथे बसला आहे तिथल्या देण्यात तो वळता करून घ्यायची सोय असती, तर मार्टिनचं येणं आणि देणं समोरासमोर फिटलं असतं. दोन्ही शंभरच एकरांची होती.

मॅसॅच्युसेट्सला १७८५ ला संधी होती. सनद मान्य करताना, त्या दिवशी जमिनीवर असलेल्या माणसांचं काय, हे त्याच कागदात ठरवता आलं असतं. १८०८ चा सुधारणांचा कायदा तेव्हा लिहिणं अशक्य नव्हतं. तो लिहिला गेला तो रानातल्या लोकांनी वर्षानुवर्षं मोजणीदारांना अडवल्यानंतर. म्हणजे ज्यांनी बंदूक उचलली त्यांच्या झगड्याने कायदा आला, आणि ज्याने अर्ज केला त्याला तो उशिरा पडला. मी बंदुकीचं समर्थन करत नाही. पण घटनाक्रम असा आहे, तो लपवून उपयोग नाही.

मार्टिनच्या हाताशी काय होतं? त्याने एकट्याने लिहिलं. गावचा कारकून म्हणून त्याला प्रॉस्पेक्टमधलं प्रत्येक घर माहीत होतं, प्रत्येकाची अडचण माहीत होती, आणि त्याचा हात लिहिता होता. गावच्या सभेचा ठराव करून, सगळ्यांच्या सह्यांनी, रोकडीऐवजी लाकूड आणि मजुरी घ्या अशी मागणी विधिमंडळाकडे नेता आली असती. ती मान्य झालीच असती असं नाही. पण एका शिपायाचं पत्र बाजूला ठेवणं जितकं सोपं, तितकं पूर्ण गावाचं नाही.

आणि नॉक्स. त्याच्या भट्ट्यांना सरपण लागत होतं, गिरण्यांना ओंडके, बांधकामांना माणसं. यॉर्कटाऊनला ज्याने खंदक खणले होते, त्याच्याकडून हप्त्यापोटी वर्षातून काही आठवडे काम आणि काही गाड्या लाकूड घेणं त्याला तोट्याचं नव्हतं. हे सुचायला जमाखर्चापलीकडचं काही लागत नव्हतं. १८०१ चं ते पत्र नॉक्सपर्यंत गेलं. त्याने उत्तर पाठवल्याची नोंद नाही.